पश्चिमेचा वाफा

३१ मार्च

एकतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या कामातल्या चुका लिहून काढल्या. बजाजनगरच्या कंपनीत तपासणी विभागात माझं टेबल होतं आणि माझी सही झाल्याशिवाय एक नट बाहेर जात नसे. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी जानेवारीत नवी डायरी आणायची सवय गेली नाही. यंदाची मात्र आजपर्यंत कोरी राहिली. जानेवारीतच संध्याला अर्धांगवायूचा झटका आला, आणि जे घडत होतं ते लिहावंसं वाटेना.

आज लिहितोय, कारण आज एक करार झाला आहे आणि समोरच्या पार्टीवर माझा विश्वास नाही.

समोरची पार्टी म्हणजे जब्बारभाई. भिंतीला भिंत लागून शेजारी, वीस वर्षांचे. औरंगपुऱ्यात मोटार वायंडिंगचं दुकान. ईदचा शीरखुर्मा घेऊन आज स्वतः आले. बोलता बोलता विषय निघाला दोन्ही फाटकांच्या मधल्या पट्टीचा. अकरा फूट लांब, तीन फूट रुंद, दोन्ही घरांची सामाईक. खाली नुसता कातळ. दुपारी बारापासून सूर्य मावळेपर्यंत ऊन तिथून हलत नाही. त्यांच्या अफजलनं गाडी घेतली आहे, ती उभी करायला तिथं फरशी टाकावी असं त्यांचं म्हणणं. मी म्हणालो, मला तिथं फुलझाडं लावायची आहेत.

"तिथं?" ते म्हणाले. "नानासाहेब, तिथं गवत बी येत नाय."

"येईल."

"बरं. बकरी ईदपर्यंत बघा. फुललं तर तुमचं. नाय तर फरशी टाकू."

इतक्या सहज कबूल झाले, तेच मला खटकलं.

फुलं माझ्यासाठी नकोत. संध्याला दिवसभर पश्चिमेच्या खिडकीपाशी खुर्चीत बसवतो, पण ती तोंड भिंतीकडे करून बसते. तिच्याकडून व्यायाम करून घ्यायला श्रेया नावाची मुलगी येते, ती म्हणाली, "काका, खिडकीबाहेर बघण्यासारखं काहीतरी द्या त्यांना. मान वळवायला कारण लागतं." खिडकीबाहेर आहे काय, तर ती पट्टी. उजवी बाजू गेली, वाचा गेली. एकच शब्द उरला आहे, 'नको'. चहा दिला की नको म्हणते आणि पिते. डॉक्टर म्हणाले, उरलेला शब्द नुसता तोंडातून निघतो, त्याला अर्थ असेलच असं नाही. त्यामुळे मी आता तिकडे लक्ष देत नाही.

२ एप्रिल

दौलताबाद रस्त्यावर धोंडिबाची नर्सरी आहे, तिथं गेलो. अटी सांगितल्या. बारा ते सहा कडक ऊन, खाली दगड, नळाला आठव्या दिवशी पाणी, आणि फुलं दोन महिन्यांत दिसली पाहिजेत. गुलाब चालेल का विचारलं तर हसला.

मग एकेक रोप हातात घेऊन दाखवलं. सदाफुली, बारा रोपं. चिनी गुलाब, ज्याला सगळे ऑफिस टाइम म्हणतात, नऊ वाजता उघडतो म्हणून. पिवळा-तांबडा गलांडा. एक अडेनियम, पोट सुटलेल्या माणसासारखं बुंध्याशी फुगलेलं. एक बोगनवेल. पानं उलटून, बुंधे हलवून मी सगळी तपासून घेतली. एकूण सतरा.

"साहेब, ह्यातलं एक बी झाड उन्हाला भ्यायचं नाय," धोंडिबा म्हणाला. "पान्याला भितंय. आठ दिवसाला एक तांब्या, बास. अन् नुसती काळी माती घालू नका, निम्मा मुरूम मिसळा."

"मुरूम कुठं मिळेल?"

"माझ्याकडं हाय की."

म्हणजे मुद्दा तो होता. संध्याच्या माहेरच्या शेतातली काळी माती येणार आहे, तिला नाव ठेवायला जागा नाही. मुरूम घेतला नाही.

५ एप्रिल

वाफा तयार. चारी बाजूंनी विटांचा काठ बांधला, आतून सिमेंटचा दोन वेळा गिलावा. तपासणीसाठी माती भरण्याआधी चार बादल्या पाणी ओतून ठेवलं. संध्याकाळपर्यंत एक थेंब बाहेर आला नाही. इतकं घट्ट काम कंपनीतही क्वचित पाहिलं.

जब्बारभाई फाटकात उभे राहून बघत होते. म्हणाले, "पानी जायाला थोडी जागा ठेवा, नानासाहेब."

ज्या गावात नळ आठव्या दिवशी येतो तिथं पाणी जायला जागा ठेवणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. माझ्या वाफ्याला भोक असावं असं यांना का वाटतं? नोंद करून ठेवली.

९ एप्रिल

आज नळाचा दिवस. सहाला पाणी आलं.

अंगणात दोन ड्रम आहेत. एक वापरायचा, दुसरा मी राखीव ठेवतो, झाकण लावून. कोण जाणे पुढचा नळ चुकला तर. पूर्वी हे सगळं संध्या बघायची. मला इतकंच माहीत, की नवं पाणी यायच्या आधी जुनं उपसून ड्रम घासायचे. शिळं पाणी ठेवत नाहीत. तीस वर्षं नळाच्या दिवशी मी अंथरुणात पडून बादल्यांचा आवाज ऐकला आहे. आता माझ्यावर आलं. राखीव ड्रम उपसला, चौदा बादल्या निघाल्या. लांब नेऊन टाकायला कंबर साथ देत नाही, म्हणून फाटकाशीच वाफ्यात टाकल्या. ड्रम घासला, भरला.

मग आठ वाजता ठरल्याप्रमाणे झाडांना पाणी घातलं. प्रत्येकी एक तांब्या, मोजून. झाडं सतरा, तांबे सतरा.

नऊ वाजता चिनी गुलाब उघडला. गुलाबी, पिवळा, एक नारिंगी. आणि संध्यानं मान वळवली. आधी डोळे गेले, मग मान. जेवायच्या वेळेपर्यंत बघत होती. चार वाजता जब्बारभाईंच्या पत्नी, जहांआराभाभी, तिची वेणी घालायला आल्या, त्या रोजच येतात. त्यांनाही तिनं डाव्या हातानं खिडकीकडे दाखवलं. मी स्वयंपाकघरात जाऊन थोडा वेळ ओट्याला धरून उभा राहिलो. तीन महिन्यांत मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

१५ एप्रिल

तीन सदाफुल्या पिवळ्या पडल्या. कालपर्यंत ठीक होत्या.

१७ एप्रिल

नळ. चौदा बादल्या टाकल्या, ड्रम भरला. आठला सतरा तांबे.

संध्या आता पहाटेच खिडकीपाशी बसायचं म्हणून खुणा करते. मी बाहेर काम करत होतो तोवर आतून सारखं 'नको, नको' चाललं होतं. आत गेल्यावर पाण्याचा ग्लास दिला, तर तिनं तो डाव्या हातात धरला, माझ्याकडे नीट पाहिलं, आणि सगळं पाणी जमिनीवर ओतून दिलं. मी पुसून घेतलं. श्रेयाला फोन केला. ती म्हणाली, अशा आजारात राग येतो, मनावर घेऊ नका. मनावर घेतलं नाही, पण वाईट वाटलं.

दुपारी भिंतीवरून जब्बारभाई. "नानासाहेब, वाफ्यात पानी लई होऊ राह्यलं बघा."

मी आत जाऊन डायरी आणली आणि पान उघडून दाखवलं. सतरा झाडं, सतरा तांबे. त्यांनी चष्मा लावून वाचलं.

"मोजून?"

"मोजून."

"मंग ठीक," म्हणाले, आणि गेले.

माझ्या वाफ्यात किती पाणी आहे हे या माणसाला कसं कळतं? रोज पाहतो म्हणूनच ना? आणि रोज पाहायचं कारण काय?

२० एप्रिल

पाच सदाफुल्या गेल्या. अडेनियमचा बुंधा बोटानं दाबला तर पिकलेल्या केळासारखा आत गेला. गलांडा दुपारी माना टाकतो, जणू आठवडाभर पाणी नाही. आणि माती हातात घेतली तर ओली. माती ओली आणि झाड तहानलेलं, याचा अर्थ एकच होतो. कोणीतरी काहीतरी घालतंय.

संशयितांचा तक्ता केला, कंपनीत दोष शोधताना करायचो तसा.

एक, जब्बारभाई. कारण: फरशी. संधी: चोवीस तास.
दोन, धोंडिबा. कारण: रोपं मेली की नवी खपतात. संधी: मुळातच खराब रोपं दिली असतील तर.
तीन, अफजल. कारण: गाडी. संधी: सकाळी गाडी पुसायला बाहेर असतो.
चार, वरच्या गल्लीतली शेळी. कारण लागत नाही.

शेळीला खोडलं. शेळी खाते, कुजवत नाही.

२३ एप्रिल

मेलेलं रोप पिशवीत घालून धोंडिबाकडे गेलो. त्यानं मूळ चिमटीत दाबलं, वास घेतला आणि म्हणाला, "पानी."

मी डायरी दाखवली.

"मंग तुमची वही खोटं बोलू राह्यली का हे झाड?"

माझ्या वहीबद्दल असं आजवर कोणी बोललं नव्हतं. मी वही मिटली. त्यानं सहा नवी सदाफुलीची रोपं काढून दिली, वर म्हणाला, "न्या. पर हात आवरा, साहेब."

खरं तर धोंडिबाला तक्त्यातून काढायला हवं, पंधरा किलोमीटरवरून तो रोज कशाला येईल? पण त्या बोलण्यामुळे ठेवला आहे.

२५ एप्रिल

नळ. चौदा बादल्या. तांबे नवीन रोपं धरून अठरा. पुन्हा तोच प्रकार, संध्यानं ग्लास ओतला. आता तिला अर्धाच ग्लास भरून देतो.

२७ एप्रिल

पुरावा हाती लागतोय.

दुपारी अडीचची वेळ. बेचाळीस अंश, रस्त्यावर कुत्रंही नाही. मी पडद्याआड खुर्ची टाकून बसलो होतो. जब्बारभाईंची नौशीन डोक्यावर ओढणी घेऊन बाहेर आली. हातात लोखंडी सळई. इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्या वाफ्यात जागोजागी सळई खुपसायला लागली. खोलवर, गोल फिरवून. मुळांच्या आसपास.

मी उठणार तेवढ्यात तिनं आमच्या खिडकीकडे पाहिलं. संध्या तिथं होतीच. संध्यानं डावा हात वर केला. घाबरून केला असेल. नौशीननंही हात वर केला आणि पुन्हा कामाला लागली. एका आजारी बाईसमोर इतकी हिंमत.

ही पोर कृषी महाविद्यालयात शिकते. म्हणजे झाड कसं मारायचं हे तिला कोणी शिकवायला नको. तक्त्यात पाचवं नाव घातलं. लहानपणी 'काका काका' करत हिनं माझ्या पायावर झोके घेतले आहेत, तेही लिहून ठेवतो, कारण नाव घालताना हात थांबला होता.

३ मे

नळ. चौदा बादल्या. तांबे अकरा, कारण झाडं अकराच उरली. संध्या खिडकीत डावी मूठ आपटत होती. हल्ली नळाच्या दिवशीच तिला असं होतं. गडबडीचा त्रास होत असावा.

४ मे

उरलेल्या झाडांच्या बुडाशी पांढरी पावडर. आज सकाळी नव्हती, दुपारी तीनला होती. चमच्यानं खरवडून औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरली, चिठ्ठी लावली: नमुना क्रमांक एक. हात दोनदा साबणानं धुतले.

५ मे

आता शंका उरली नाही.

सकाळी जेवणाच्या टेबलावर तक्त्याचं पान उघडून बसलो होतो, समोर संध्या. दारावर श्रेया आली म्हणून उठलो. परत येऊन बघतो तर संध्यानं डाव्या हातात पेन धरून माझ्या पानावर काहीतरी काढलं होतं. तक्त्याच्या खाली, मोठं, वाकडंतिकडं. श्रेया खूश झाली, म्हणाली, "काका, चित्र काढलं त्यांनी. स्वतःहून."

मी वही माझ्याकडे ओढून पाहिलं. खाली हनुवटीची गोल रेघ. तिच्यावर, वरच्या बाजूला निमुळती होत गेलेली टोपी. टोपी घातलेला माणूस.

संध्या दिवसभर खिडकीत असते. तिनं पाहिलं आहे. मी विचारलं, "हा माणूस झाडं मारतो?" ती म्हणाली, "नको." मी म्हणालो, "घाबरू नकोस, मी आहे." ती डोळे मिटून बसली.

६ मे

बोलून टाकलं.

जब्बारभाई दुकानातून येऊन स्कूटर लावत होते. अफजल, नौशीन दारात होते, गल्लीतली दोनतीन माणसंही. मी बाटली आणि डायरी घेऊन गेलो. सळई, पावडर, वेळा, तारखा, सगळं वाचून दाखवलं. नौशीन म्हणाली, "काका, ती पावडर तर..." मी तिला बोलू दिलं नाही. शेवटी संध्याचं चित्र दाखवलं. म्हणालो, "ही टोपी कोणाची?"

त्यांनी चित्राकडे बराच वेळ पाहिलं.

"हे भाभीनं काढलं?"

"हो."

त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा घातली. "चल नौशीन, अंदर," एवढंच म्हणाले. अफजल काहीतरी बोलणार होता, त्याला हातानं थांबवलं. दार लावून घेतलं. आपटलं नाही.

मी खरा आहे, मग मला जेवण का गेलं नाही, कळत नाही.

९ मे

तीन दिवस जहांआराभाभी आल्या नाहीत. चार वाजले की संध्या दाराकडे बघते. आज मी वेणी घालायचा प्रयत्न केला. अर्ध्या तासात गुंता वाढला. तिनं माझ्या हातातून कंगवा काढून घेतला आणि खुर्ची भिंतीकडे फिरवायला लावली. पुन्हा भिंत.

बोगनवेल अजून तग धरून आहे, आणि कोपऱ्यातला चिनी गुलाब. बकरी ईदला महिना राहिला. या दोघांवर मी करार जिंकणार कसा?

११ मे

काय झालं ते क्रमानं लिहितो. क्रम चुकवायचा नाही.

सहाला नळ. संध्यानं पहाटेच खिडकीकडे बसवायची खूण केली, तेव्हा मला बरं वाटलं. राखीव ड्रम उपसायला घेतला. पाचवी बादली वाफ्यात रिकामी केली आणि सहावी भरून आणत होतो, तर खिडकीतून आवाज आला. संध्या स्टीलचा ग्लास गजावर आपटत होती. थांबेना. मी बादली हातात घेऊन तसाच वळलो.

तिनं ग्लास गजातून बाहेर काढला. अर्धा भरलेला होता, मीच दिलेला. माझ्याकडे बघत तिनं तो वाफ्यावर तिरका केला. पाणी खाली पडलं. "नको," ती म्हणाली. मग ग्लासनं माझ्या बादलीकडे दाखवलं. "नको."

मी बादलीकडे पाहिलं. मग वाफ्याकडे. पाणी विटांच्या काठाला लागलं होतं आणि चिनी गुलाबाच्या कळ्या त्यात बुडाल्या होत्या. एक थेंब बाहेर जात नव्हता. तसं काम मीच केलं होतं.

बादली खाली ठेवली आणि पायरीवर बसलो. नळ वाहून गेला, ड्रम अर्धाच भरला.

नंतर डायरी उघडली. नऊ एप्रिल, चौदा बादल्या. सतरा, पंचवीस, तीन मे, प्रत्येक वेळी चौदा. माझ्याच अक्षरात. पण 'टाकल्या' असं लिहिलं आहे, 'घातलं' फक्त तांब्यांपुढे. शिळं पाणी टाकायचं असतं, ते कोणाला दिलं असं माझ्या मनात एकदाही आलं नाही. जब्बारभाईंनी सांगितलं, धोंडिबानं सांगितलं, मेलेल्या मुळानं सांगितलं. मी त्या सगळ्यांना वही दाखवली. वही खोटं बोलत नव्हती, तिच्यात सगळं होतं. ती नीट वाचणारा तेवढा कोणी नव्हता.

टेबलावर संध्यासमोर बसून हे वाचत होतो. पान उलटता उलटता चित्र आलं. तिनं डावा हात पुढे केला, बोटं पानावर ठेवली आणि वही हळूहळू फिरवली. पूर्ण अर्धं वळण, तिच्या बाजूनं माझ्या बाजूला.

बादली. वर दांडीची गोल रेघ, खाली निमुळता होत गेलेला तळ.

तिनं काढलं होतं तिच्या बाजूनं. मी पाहिलं होतं माझ्या बाजूनं.

मी तिथं रडलो. तिनं डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि या वेळी नको म्हणाली नाही.

१२ मे

जब्बारभाईंकडे गेलो. अंगणात लोखंडी खुर्चीवर बसून एका मोटारीची गुंडाळी सोडवत होते. बसा म्हणाले नाहीत. मी उभ्याउभ्याच म्हणालो, "झाडं मी मारली. शिळं पाणी मीच टाकत होतो."

"मालूम हाय," ते म्हणाले. "पहिल्या नळापासून मालूम हाय."

"मग..."

"सांगितलं की. तुम्ही वही दाखवली."

नौशीन दारात आली आणि एक पाकीट माझ्यासमोर धरलं. मुळांच्या बुरशीवरची पावडर, औरंगपुऱ्यातल्या खतांच्या दुकानातली. सळईची भोकं पाणी खाली जावं म्हणून होती, हे मला आता कोणी सांगायची गरज नव्हती.

"आणि ते टोपीचं," मी म्हणालो. पुढचं वाक्य घरून पाठ करून गेलो होतो, ते आलं नाही.

त्यांनी तार सोडवणं थांबवलं नाही. "वीस साल झाले, नानासाहेब. मला वाटलं, भाभीला मी तसा दिसू राह्यलो. सहा दिवस मला हेच खाऊ राह्यलं होतं. तुमचं नाय, भाभीचं."

मी वही उघडून त्यांच्याकडे उलटी धरली. त्यांनी पाहिलं. ओठ थोडे हलले.

"बादली हाय," म्हणाले.

"फरशी टाकून घ्या," मी म्हणालो. "करार मी हरलो."

"बकरी ईदला टाइम हाय अजून. अगोदर त्या विटा फोडा."

चहाचं विचारलं नाही. मीही अपेक्षा केली नव्हती, म्हणजे केली होती, पण तो माझा हक्क राहिला नाही.

१४ मे

चार वाजता भाभी आल्या. दारातच म्हणाल्या, "मैं ताईसाठी आले. तुमच्यासाठी नाय."

मी कंगवा आणून दिला. गुंता सोडवायला त्यांना पाऊण तास लागला. संध्या डोळे मिटून बसली होती, चेहरा ओला. मी दारातूनच विचारलं, "भाभी, संध्या हे शिळं पाणी कुठं टाकायची?"

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "टाकायची?" त्या म्हणाल्या. "ताईनं कधी एक बादली टाकली नाय. कूलरमध्ये भरायची, चादरी भिजवायची, फरशी पुसायची. उरलं तर दोन बादल्या मला द्यायची. तुम्हाला मालूम नाय?"

मला माहीत नव्हतं. तीस वर्षं मला फक्त आवाज माहीत होता.

१९ मे

विटांच्या काठाला खालून चार ठिकाणी छिन्नीनं भोकं पाडली. पहिल्याच भोकातून काळं, कुजकं पाणी आलं, वास दिवसभर गेला नाही. काळी माती निम्मी काढली. धोंडिबाकडून मुरूम आणला. त्यानं पोतं मोटारसायकलवर नीट बांधून दिलं. सहा सदाफुल्या दिल्या, गलांड्याचं बी दिलं. म्हणाला, बोगनवेलीला आता विसरून जा, विसरलं की फुलते.

आज नळ होता. राखीव ड्रम उपसला नाही. काय करावं ते न कळून तसाच ठेवला.

२९ मे

बोगनवेलीला रंग आला. पानं कमी, रंग जास्त. कोपऱ्यातला चिनी गुलाब बुंध्यापासून पुन्हा फुटला आणि आज नऊला सहा फुलं उघडली. सदाफुली लहान आहे पण पानं ताठ आहेत, दुपारी चारलाही. तीन दिवस मी तिला एक थेंब दिला नाही. हात आवरणं हे काम आहे, हे कंपनीत कोणी शिकवलं नव्हतं.

नौशीन कॉलेजला जाताना वाफ्यापाशी थांबली, वाकून माती बोटानं दाबली आणि गेली. माझ्याशी बोलली नाही. संध्याला हात केला.

तक्त्याचं पान फाडावं असं वाटलं. फाडलं नाही. पाचही नावांवर रेघ मारली आणि खाली माझं नाव लिहून सही केली, तारखेसह. ते पान तसंच राहील. त्याच पानावर बादली आहे.

४ जून

नळ. बकरी ईद तीन दिवसांवर.

काल रात्रीच ठरवलं होतं. सकाळी संध्याची खुर्ची उचलून, म्हणजे ओढत, अंगणात आणली. राखीव ड्रमचं झाकण काढलं, पहिली बादली भरली आणि तिच्यापुढे उभा राहिलो.

"कुठं?" मी विचारलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या मागे, फाटकाबाहेर वाफ्याकडे. मी त्या बाजूला एक पाऊल टाकून पाहिलं.

"नको," ती म्हणाली.

रस्त्याकडे वळलो.

"नको."

भिंतीपलीकडे जब्बारभाईंच्या अंगणात पाण्याचा आवाज चालू होता, तो थांबला. त्यांचं डोकं भिंतीवरून दिसत होतं, टोपीसकट. ते बघत होते आणि मी त्यांना बघू दिलं. चादरींच्या टबाकडे गेलो. संध्यानं डावा हात हलवला, थोडा पुढे, अजून पुढे. टब ओलांडून मी व्हरांड्यातल्या कूलरपाशी आलो. जानेवारीपासून त्याच्या तळाला धूळ होती. या उन्हाळ्यात तो एकदाही लावला नाही, मला सुचलंच नाही. त्याची हवा जिथं जाते त्याच खोलीत ती रोज दुपारी बसत होती.

बादली कूलरच्या तोंडाशी धरून मी मागे पाहिलं आणि वाट पाहिली.

संध्या काही बोलली नाही. मी ओतलं.